गुडघ्याची लोड टेस्ट

२ सप्टेंबर, बुधवार

संताप. दुसरा शब्द नाही.

ऑफिसात टेबलावर पाकीट. आत पत्र. पंचावन्नच्या वरच्या सगळ्या फील्ड मेकॅनिकची शारीरिक क्षमता चाचणी. माझी तारीख चोवीस सप्टेंबर. शिडीने वर मशीन रूममध्ये चढायचं, मग लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरायचं, गुडघ्यांवर बसून लिफ्टचा धक्का झेलणारा बफर तपासायचा, उठायचं, बाहेर यायचं. जमलं तर फील्डवर. नाही जमलं तर तक्रार कक्षात खुर्ची. म्हणजे कानाला हेडफोन अडकवून दिवसभर, नमस्कार, आपली काय मदत करू.

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी. नुसता आवाज ऐकून सांगतो कुठला बेअरिंग गेलाय. माझी परीक्षा! आणि परीक्षक कोण? तर टॉर्च.

टॉर्च म्हणजे आमची हल्लीची विभागप्रमुख. चौदा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकायला आली. मी काम करायचो, ही बॅटरी धरून उभी राहायची. नाव मीच ठेवलं. आता सगळ्यांसमोर मॅडम म्हणावं लागतं. ती मला अजून काका म्हणते. तेवढ्याने काय होतंय.

उजवा गुडघा जरासा कुरकुरतो, एवढंच. जिना उतरताना मी कठडा धरतो, पण तो कठडा मजबूत आहे की नाही ते बघायला.

बावीस दिवस आहेत. बावीस दिवसांत मी आख्खी लिफ्ट उभी केलेली आहे. गुडघा म्हणजे काय मोठं!

३ सप्टेंबर

पहाटे पाचला उठून चालायला जायचं ठरवलं होतं. पावणेआठला उठलो. गजराचं घड्याळ बेकार आहे.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही म्हणून लोक दात काढतात. काढू देत. जिना चढण्यात व्यायाम होतो, हे मी घर घेतानाच हिला सांगितलं होतं.

सकाळी चहा पिताना स्वयंपाकघरातून आवाज. कट्. थोड्या वेळाने परत, कट्. माझ्या कानाला एका सेकंदात कळलं. दाराची वरची बिजागरी. लगेच तेल घातलं. ही म्हणाली की दाराला काही झालेलं नाही. मी म्हटलं, अगं, एकतीस वर्षांचा कान आहे हा.

ही बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली तर बराच वेळ दारात उभीच. म्हणे तिचाही गुडघा दुखतो. मला बघून हिलाही दुखायला लागलं. सहानुभूती, दुसरं काय. पण माझी गोष्ट वेगळी आहे, माझी टेस्ट आहे.

५ सप्टेंबर, शनिवार

हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. ही सोबत. डॉक्टर काय, पोरगा आहे पोरगा. माझा टूलबॉक्स त्याच्यापेक्षा वयाने मोठा असेल.

एक्स-रे काढला. म्हणे दोन हाडांमधली गादी झिजलीय. हे मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. एकतीस वर्षं गुडघ्यांवर बसून काम केल्यावर झिजणार नाही तर काय वाढणार?

मग म्हणाला वजन कमी करा. ब्याण्णव किलो आहे. हे सांगायला फी घेतो! मग म्हणाला मांडीचा व्यायाम करा. आणि एक कागद दिला, त्यावर खुर्चीत बसलेल्या माणसाची आठ चित्रं. माणूस पाय सरळ करतोय, पाय खाली घेतोय. लहान मुलांची अंकलिपी. माझा पारा चढायला लागला होता.

तेवढ्यात तो कामाचं बोलला. गुडघ्यात मुळात एक वंगण असतं. झिजलेल्या गुडघ्यात ते पातळ होतं. त्याच जातीचं दाट औषध, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, सुईने सांध्यात सोडता येतं. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं.

मी टुणकन उठलो. म्हणजे उठायला गेलो. म्हटलं, तेल! मग हे सरळ सांगायचं ना! गिअरबॉक्स कोरडा पडलाय, तेल टाकायचं, विषय संपला. मी त्याला तेलाची व्हिस्कॉसिटी विचारली तर चाट पडला. म्हणाला, तुम्हाला बरीच माहिती दिसते. आहेच.

नंतर तो बरंच काही बोलत होता. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आला तरी हळूहळू, महिना-दीड महिना लागतो, झिजलेलं भरून येत नाही, व्यायामाला पर्याय नाही. हे सगळं ही ऐकत होती. मला गरज नव्हती. मशीनला तेल दिलं की मशीन चालतं.

पूर्वी हे औषध कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे म्हणे. कोंबडा पहाटे उठतो. म्हणजे तोही प्रश्न सुटला.

७ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १२

पहिलं इंजेक्शन झालं. दुखलं नाही. कुणी ओरडल्यासारखं वाटलं, तो बाहेर कुणाच्या तरी मोबाइलचा आवाज असेल.

फक्त दोन मिली! दाराच्या बिजागरीला मी याहून जास्त घालतो. एवढ्याशा तेलात हा सांधा भिजणार कसा? विचारलं तर पोरगा हसला. हसण्यासारखं काय आहे यात?

सूचना: दोन दिवस आराम. घरी जाताना प्रत्येक मजल्यावर थांबत चढा, एकदा चढलात की दोन दिवस उतरू नका, जड उचलू नका. हिने कागदावर लिहून घेतलं. हिला सगळं लिहून घ्यायची सवय आहे.

७ सप्टेंबर. संध्याकाळी ७

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्टच्या कुठल्याही भागाला हात लावला की ती लोकांच्या ताब्यात द्यायच्या आधी लोड टेस्ट. क्षमतेच्या सव्वापट वजन टाकायचं आणि चालवून बघायची. त्यात टिकली तर लिफ्ट. नाहीतर लोखंडाची पेटी. टेस्ट न करता सही करणारा मेकॅनिक मी माणूस मानत नाही.

माझं वजन ब्याण्णव. त्याच्या सव्वापट एकशे पंधरा. म्हणजे वर तेवीस किलो हवेत. वीस लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन, त्यावर तीन किलोचा मोठा पाना. हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाना मोजून घेतला. काम म्हणजे काम.

ही आंघोळीला गेल्यावर खाली गेलो, कॅन भरला, वर आलो. बहात्तर पायऱ्या. गुडघ्याने व्यवस्थित भार घेतला. चौथ्या मजल्यावर जरा डोळ्यांसमोर अंधारी आली, पण तो तिथला बल्ब गेलाय.

टेस्ट पास. टॉर्चला म्हणावं, ये आता.

८ सप्टेंबर

गुडघा पपनसाएवढा झालाय.

डॉक्टर बेकार. औषध बेकार. तेलात भेसळ असणार. ही बर्फाची पिशवी धरून बसली आणि विचारत होती, पाण्याचा कॅन वर कसा आला? मी म्हटलं, भरलेला होताच. तिने पिशवी उलटी करून पुन्हा धरली. तिने असं केलं की माझं डोकं जास्त सणकतं.

ऑफिसला जाता आलं नाही.

स्वयंपाकघराचं दार पुन्हा कट्. लंगडत जाऊन तिन्ही बिजागऱ्यांना तेल दिलं. या घरात एक गोष्ट धड चालेल तर शपथ.

१० सप्टेंबर, गुरुवार

सूज उतरतेय. टॉर्चचा फोन. म्हणाली, काका, ट्रीटमेंट चालू आहे असं कळलं, भरपगारी सुट्टी घ्या, तुमची टेस्ट तीन महिने पुढे ढकलते, तो अधिकार माझ्या हातात आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. अधिकार! तुझ्या हातात मी बॅटरी दिली होती, अधिकार कधी आला? स्पष्ट सांगितलं की मला कुणाचे उपकार नकोत आणि चोवीस तारखेला मी खड्ड्यात उतरणार म्हणजे उतरणार. ती बरं म्हणाली. मग विचारलं की काकू कशा आहेत. मी म्हटलं, तिला काय धाड भरलीय, ठणठणीत आहे.

व्यायामाचा कागद हिने फ्रिजवर चिकटवला होता. येता-जाता ती चित्रं बघून डोक्यात तिडीक जाते. काढला.

१४ सप्टेंबर, सोमवार

दुसरं इंजेक्शन. पोराने विचारलं, आराम केलात ना? मी हो म्हटलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

पोराने गुडघा दाबून बघितला. म्हणाला थोडी सूज कशी आहे? मी म्हटलं, तुमचं तेल आहे, तुम्ही सांगा.

मागच्या वेळी चूक कुठे झाली ते माझ्या लक्षात आलं आहे. तेल घातल्याबरोबर टेस्ट घेतली. तेल पसरायला वेळ द्यायला हवा होता. हे त्या डॉक्टरने सांगायला नको? आज दोन तास पूर्ण बसून राहिलो. शिवाय मागच्या वेळी कॅन एकाच बाजूला होता, तोल गेला. आज दोन्ही हातांत सारखं वजन, साडेअकरा आणि साडेअकरा. आणि नियमाप्रमाणे तीन फेऱ्या.

ही भाजी आणायला खाली गेली तेव्हा सुरुवात केली.

१५ सप्टेंबर

काल तिसऱ्या फेरीत तिसऱ्या मजल्यावर जरा टेकलो. टेकलो ते तिथल्या बाईंच्या चपलांच्या रॅकवर. रॅक मोडलं. कमकुवत लाकूड. त्या बाहेर आल्या तेव्हा मी चपलांमध्ये बसलेलो होतो आणि पाण्याचे कॅन गडगडत खाली निघालेले.

खालून ही दोन पिशव्या घेऊन वर येत होती. जिन्यात पाणीच पाणी. पिशव्या खाली ठेवून तिने मला बगलेत धरून वर आणलं. मग पिशव्या आणायला खाली गेली. मग जिना पुसायला गेली. किती चढ-उतार केले कुणास ठाऊक, मी मोजत नव्हतो, माझा गुडघा ठणकत होता.

पलंगावर पडून वीस मिनिटं तिला समजावून सांगितलं की लोड टेस्ट म्हणजे काय. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाली की अहो, तुम्ही लिफ्ट नाही आहात.



१७ सप्टेंबर

स्वयंपाकघराच्या दाराला इतकं तेल झालंय की ते आता एका जागी राहत नाही. जरा वारा आला की उघडतं, बंद होतं. आणि कट् तर चालूच. विशेषतः सकाळी. विशेषतः ही खालच्या कपाटातून डबे काढते तेव्हा. म्हणजे हवेतल्या फरकाचा संबंध आहे.

दार हलू नये म्हणून खाली एक कागद घडी करून सरकवला. तो व्यायामाचा कागद. निदान काहीतरी उपयोग झाला.

२१ सप्टेंबर, सोमवार

हद्द झाली!

तिसरं इंजेक्शन द्यायला नकार. पोरगा म्हणतो गुडघ्यात पाणी झालंय, अशा गुडघ्यात औषध घालणार नाही. आणि उलट सुई लावून आतलं काढून घेतलं! मोठी सिरिंज भरून! दोन-दोन थेंब घालायचे आणि वाटीभर काढून घ्यायचं, हा कुठला धंदा?

मग हिने तोंड उघडलं. त्याला सगळं सांगून टाकलं. कॅन, पाना, तीन फेऱ्या, चपलांचं रॅक. तारखेसकट. बायको माझी आणि साक्ष त्याच्या बाजूने.

पोराने पेन खाली ठेवलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, लिफ्टचा एखादा भाग दुरुस्तीनंतर बसायला चोवीस तास लागत असतील, तर तुम्ही कुणाला त्यात चढू द्याल का? मी म्हटलं, फाडून खाईन त्याला. तो म्हणाला, मग?

मग काय मग. गुडघ्याला चोवीस तास लागतात हे स्पष्ट कुणी सांगितलं होतं? दोन दिवस आराम म्हणाला होता. आराम आणि चोवीस तास यात फरक आहे.

पुढच्या सोमवारी बोलावलंय. तोवर चढ-उतार बंद. चोवीसची टेस्ट देऊ नका म्हणाला. चिठ्ठी देतो म्हणाला. चिठ्ठी घेतली नाही.

टेस्ट देणार. दोन इंजेक्शनं अंगात आहेत. थोडीफार तरी शिल्लक असतील.

२४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ६

गुडघ्याला पट्टा बांधला. वर दुसरा पट्टा. सैल पँट. ही डबा देताना म्हणाली की फोन करून तारीख बदलून घ्या, अजून वेळ आहे. मी म्हटलं, आज संध्याकाळी फील्डवरचाच माणूस घरी येईल.

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. कट्. निघताना या दाराचा सोक्षमोक्ष लावायचं मनात आलं, पण उशीर झाला.

२४ सप्टेंबर. संध्याकाळी ६

लिहून टाकतो. वाचणारं कोण आहे?

शिडी चढलो. सतरा पायऱ्यांची लोखंडी शिडी, वेळ लागला, पण चढलो. मशीन रूममध्ये ब्रेक तपासला, अचूक. टॉर्च वहीत लिहीत होती, सोबत मेडिकलचे दोघे. त्यातला एक पुटपुटला की काका तयारीचे दिसतात. मला वाटलं, झालं काम.

मग खड्डा. खाली उतरलो. गुडघ्यांवर बसलो. बफर तपासला. तेलाची पातळी बरोबर, स्प्रिंग बरोबर. मोठ्याने सांगितलं. वरून टॉर्च म्हणाली, छान, या वर.

उठता येईना.

डावा पाय पुढे घेतला, उजव्याला हुकूम दिला. पाय माझा, पण ऐकायला तयार नाही. गाइड रेल धरून ओढून बघितलं. नाही. घाम. वरून विचारणा. मी ओरडून सांगितलं की बफरच्या बोल्टबद्दल शंका आहे, जरा बघतो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारणा. मी म्हटलं, वायरिंगही बघतो. त्या खड्ड्यात वायरिंग नाही, हे टॉर्चला मीच शिकवलेलं आहे.

अर्धा तास झाला. एकतीस वर्षांत कितीतरी माणसं मी अडकलेल्या लिफ्टमधून काढली. रडणारी, ओरडणारी, चक्कर आलेली. त्यांना आत काय वाटत असेल, हे आज कळलं. घाणेरडं वाटतं.

मग वरून टॉर्चचा आवाज, की मेडिकलवाल्यांनी जाऊन चहा घ्यावा, इथे वेळ लागेल. त्यांची पावलं गेली. ती खाली उतरली. बगलेत हात घातला, तीन मोजले, उचललं. पाठीमागून शिडीवर ढकललं. मला एवढा राग कुणाचाच आलेला नाही. ओरडली असती तरी चाललं असतं.

बाहेर पायरीवर बसवून तिने पाणी दिलं. म्हणाली की शिडी चढताना तुमचा गुडघा वरपर्यंत ऐकू येत होता. ऐकायला तुम्हीच शिकवलंत. मग म्हणाली, काकूंचा कसा आहे आता? गेल्या वर्षी घरी आले होते, त्या चहा घेऊन येत होत्या तेव्हा कट् कट् वाजत होता.

मी म्हटलं, ते दार आहे.

तिने वही उघडली. मग वहीत लिहिलं. तक्रार कक्ष, सोमवारपासून.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ९

दार काढलं.

राग अनावर झाला. त्या दाराने महिनाभर माझं रक्त आटवलंय आणि वर टॉर्चने काहीतरी डोक्यात भरवून दिलं. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, खुर्चीवर बसून तिन्ही बिजागऱ्या सोडवल्या, दार उचलून भिंतीला टेकवलं. आमच्या धंद्यातली पद्धत आहे ही. आवाज कुठून येतो कळत नसेल तर संशयित भाग काढून बाजूला ठेवायचा आणि मशीन चालवायचं.

ही ओट्यापाशी होती. खालच्या कपाटातून डबा काढायला वाकली. उठली.

कट्.

दार भिंतीला टेकलेलं. बिजागऱ्या माझ्या मांडीवर.

मी म्हटलं, पुन्हा वाक. ती म्हणाली, का? मी म्हटलं, वाक गं. वाकली. उठताना ओट्याची कड धरली, ओठ दाबला. कट्.

कधीपासून, विचारलं. म्हणाली, चार वर्षं झाली असतील. मी भडकलो. चार वर्षं! आणि मला सांगायचं नाही? तोंडाला काय कुलूप होतं? ती शांतपणे म्हणाली की सांगितलं. बऱ्याचदा सांगितलं. आता परवापरवा तीन तारखेलाही सांगितलं.

खोटं, म्हटलं. मी ही वही आणली, पानं उलटली. तीन सप्टेंबर. म्हणे तिचाही गुडघा दुखतो. मला बघून हिलाही दुखायला लागलं.

अक्षर माझंच आहे.

राग कुणावर काढायचा? दार तर आधीच काढून ठेवलंय.

२८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तक्रार कक्ष. खुर्ची चाकांची आहे, सरकते. हेडफोन कानाला टोचतो.

अर्धी रजा घेऊन संध्याकाळी डॉक्टरकडे. मी म्हटलं, माझं राहू द्या, आधी हिचं बघा. पोराने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, पाय वाकवला. कट्. मला त्याच्या आधी ऐकू आलं.

दोन्ही एक्स-रे शेजारी-शेजारी लावले. माझा आणि तिचा. तिचा जास्त झिजलेला आहे. पोरगा तिला म्हणाला की एवढ्या गुडघ्याने तुम्ही चार मजले रोज कितीदा चढता? ती म्हणाली, दोनदा. कधी तीनदा. परवा यांचे कॅन पडले तेव्हा नऊदा.

नऊदा. तिने मोजले होते.

मी म्हटलं, माझं राहिलेलं तिसरं इंजेक्शन हिला द्या. पोरगा म्हणाला असं उरलेलं दुसऱ्याला देत नाहीत, आणि त्यांना आधी व्यायाम, मग बघू. मी म्हटलं, तेल घाला हो तिला, कंजूषपणा कसला करता! माझा आवाज चढला. तिने माझा शर्ट ओढून खाली बसवलं.

या घरात सव्वीस वर्षं. रोज लोकांना वर-खाली नेलं मी. आणि घरातलं माणूस जिन्याने.

१९ ऑक्टोबर, सोमवार

आज कक्षात एक फोन. कुणीतरी नवव्या मजल्यावर अडकलेला. मी नियमाप्रमाणे सांगितलं की घाबरू नका, दारावर जोर लावू नका, सांगितलंय तेवढंच करा, आमचा माणूस निघालाय. तर तो माझ्यावरच डाफरला. म्हणे मी स्वतः इंजिनिअर आहे, मला शिकवू नका. आणि दार ढकलून बसला. बिघाड वाढवून ठेवला, तीन तास अडकला. असल्या माणसांचं काय करावं! सांगितलेलं ऐकायचंच नाही म्हणजे काय?

हे संध्याकाळी हिला सांगितलं. ही हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मला काही कळलं नाही. मग कळलं. मग मी रागावलो. मग सोडून दिलं.

आता बाजार मी कामावरून येताना आणतो. थोडा-थोडा, प्रत्येक मजल्यावर थांबून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना नवीन रॅक करून दिलं, सागवानी, एकशे पंधरा किलो घेतं, बसून बघितलं. खालच्या मजल्यावर घर मिळतंय का, तेही विचारून ठेवलंय. दार परत बसवलं. दाराखालचा कागद काढला. तेलाने पारदर्शक झालाय, आठ चित्रांपैकी एकच दिसतं. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, दहा मोजेपर्यंत धरा.

ही तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ करतेय. मला बोलली नाही, मी कामावर गेल्यावर करायची. आज दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. तिने पाय उचलला. मी उचलला. ती मोजत होती.

ती दहा. मी सहा.

मी म्हटलं, उद्या साडेबारा करून दाखवतो, दहाच्या सव्वापट. ती म्हणाली, अहो, उद्या सात करा.

बरं म्हटलं.